डायनामो की अल्टरनेटर?

जुना ट्रॅक्टर दुरुस्तीला आला की मालक विचारतो, डायनामोच बांधायचा की अल्टरनेटर बसवायचा? रहिमतपूरच्या आमच्या कारागीर बंधूंनी याचे उत्तर गिऱ्हाइकाची गरज पाहून द्यावे.

रात्रीची नांगरट किंवा ऊसवाहतूक असेल, दिवे मोठे असतील, तर अल्टरनेटरच बरा. तो वजनाला हलका असतो आणि इंजिन मंद चालतानाही बॅटरी चार्ज करतो. डायनामो त्या वेळी जवळजवळ काहीच देत नाही. लहान विमानेही १९६०च्या दशकात याच कारणांनी अल्टरनेटरकडे वळली.

मात्र त्याची खोटही सांगावी. बॅटरी पूर्ण उतरली तर अल्टरनेटर सहसा चार्जिंग सुरू करत नाही. डायनामो आपल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर करू शकतो. तारा उलट लागल्या तर डायोड जळतात. काही जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीची धन बाजू अर्थला असते, ती आधी पाहावी.

गाडी दिवसाच चालत असेल आणि कार्बन ब्रश बदलून भागत असेल, तर नवा माल गळ्यात मारू नये. गिऱ्हाइकाचा विश्वास ही अमानत आहे. आर्मेचर बांधणाऱ्यांनी आता डायोड तपासणेही शिकावे. त्यातच पुढची रोजी आहे.