तारखा आपल्या, तयारी कुणाची?

नाशिक शहरात येत्या काळात कार्यक्रमांची रेलचेल असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या ध्वजारोहणासाठी ३१ ऑक्टोबर २०२६ आणि पहिल्या अमृतस्नानासाठी २ ऑगस्ट २०२७ या तारखा जाहीर झालेल्या आहेत. त्यासाठी शासनाने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले आणि हजारो कोटींची कामे हाती घेतली. दुसरीकडे गंगापूर धरणाच्या परिसरात २००८ पासून द्राक्षमद्य आणि संगीताचा महोत्सव भरत आला आहे. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला येणाऱ्या आदिवासी बाया त्या महोत्सवाच्या तिकिटाचा विचारही करू शकत नाहीत. ज्याच्यामागे सत्ता किंवा पैसा आहे, त्याचा कार्यक्रम ठरल्या तारखेला होतो. प्रश्न आपल्या तारखांचा आहे.

आणि तारखांच्या बाबतीत नाशिकइतका श्रीमंत जिल्हा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनशक्तीवर काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत वामनदादा कर्डक जन्मले. १७ जुलै १९३० रोजी विहितगावात बाबुराव बागूल जन्मले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी २० मार्च २०२७ ला, म्हणजे कुंभमेळ्याच्याच वर्षात येते. आणि २०३० मध्ये काळाराम सत्याग्रहाची शताब्दी आणि बागुलांची जन्मशताब्दी चार महिन्यांच्या अंतराने येत आहेत. ही तारीख कोणत्याही प्राधिकरणाच्या वेळापत्रकात नाही. ती आपण ठेवली तरच राहील.

मग आपली तयारी काय? वस्तीवस्तीत १४ एप्रिलला वर्गणी जमते. चौकात कमान उभी राहते. ज्यांच्या आजोबांना गावच्या रस्त्यावरून वाजतगाजत जाता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांनी शहराच्या मुख्य रस्त्यावर नाचावे, यात वावगे काही नाही. त्या आनंदाला नाके मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या मिरवणुका पाहाव्यात. परंतु आपण आपल्याशी प्रामाणिक राहून एक हिशेब मांडला पाहिजे. वर्गणीतला मोठा वाटा भाड्याच्या डीजेला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या पैशातले समाजाजवळ काहीच उरत नाही. ज्या गायन पार्टीने रात्ररात्र जागून बाबासाहेब खेड्यापाड्यात पोहोचवले, तिच्या वाट्याला मात्र उरलेसुरले मानधन येते. ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस धरणारी मुले यांना जाण्यायेण्याचे भाडे सुटले तरी पुष्कळ, अशी स्थिती आहे.

ही गाणी म्हणजे नुसती करमणूक नव्हती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने, ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांना चळवळ समजावून सांगितली. वामनदादांनी हजारो गाणी लिहिली आणि ती गावोगाव स्वतः गाऊन पोहोचवली. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांच्या नावाने भाषणे झाली, होतात. पण त्यांच्या चाली तोंडपाठ असलेले जुने गायक एकेक करून निघून चालले आहेत. २०३० पर्यंत त्यांच्यातले किती उरतील?

पैसा नाही, असे उत्तर लगेच येईल. त्या उत्तराचा समाचार नाशिकच्याच दगडावर कोरलेला आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिरश्मी लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेचे वर्षाला २४० कार्षापण होतात. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. दाता राजघराण्यातला होता, पण त्याने ठेव सोपवली ती कष्टकरी विणकरांच्या संघटनेवर!

हा हिशेब आजच्या भाषेत मांडू. समजा, जिल्ह्यातल्या १०० जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातून प्रत्येकी १०,००० रुपये बाजूला काढले. दहा लाख झाले. बँकेत शेकडा सहाने वर्षाला ६०,००० रुपये व्याज येते. चार गायन पार्ट्यांना प्रत्येकी १५,००० रुपये मानाने देता येतात, मुद्दलाला हात न लावता. दरवर्षी तेवढीच भर पडली तर पाचव्या वर्षी पन्नास लाख जमतात. हिशेब दरवर्षी विहारात वाचून दाखवला, तर संशयाला जागा राहणार नाही.

एवढ्या बळावर वर्षाचे वेळापत्रक बसवता येते. २ मार्चला जलसा, १७ जुलैला बागुलांच्या कथांचे वाचन, १५ ऑगस्टला वामनदादांच्या गाण्यांची रात्र, १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर तरुण गायकांचा मेळा. रॅप करणारी आपली पोरेही त्यात हवीत. त्यांना माईक द्या आणि म्हाताऱ्या शाहिरांच्या शेजारी बसवा. जेवणही आपलेच असावे. शहर मिसळीचे कौतुक करते, करू द्या. पण बाजरीची भाकरी, सुकट, वजडी, चान्या यांची चव बचत गटातल्या आपल्या बायांच्या हातची मिळाली, तर चार पैसे त्यांच्या पदरात पडतील आणि शरमेने झाकलेले ताट उघडे होईल. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्याचे असे ताट उघडे केले. नाशिकचे ताट अजून कुणी मांडलेले नाही, असे म्हणण्याची पाळी येऊ नये.

काळारामाच्या दारात आपली माणसे पाच वर्षे लढली, ती देवाच्या दर्शनासाठी आसुसली होती म्हणून नव्हे. सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून आपला हक्क आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. आज शहराचे रंगमंच, मैदाने आणि उत्सवांची यादी याही सार्वजनिक जागाच आहेत. २ मार्च २०३० च्या सकाळी नाशिकच्या रस्त्यावर आपला आवाज कोणता असेल, भाड्याने आणलेला की आपल्या गळ्यातला, हे यंदाच्या वर्गणीच्या वहीतच ठरणार आहे.

जयभीम!