कॉलेजच्या कमिटीतल्या खुर्च्या कोणाच्या?

रेशन दुकानदाराला आपण रजिस्टर दाखव म्हणतो. फॉरेस्टवाल्याने दंड घेतला तर पावती मागतो. रोजगार हमीच्या कामावर मस्टर वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देत नाही. ही सवय फुकटात लागलेली नाही, त्यासाठी बाया-बाप्यांनी मार खाल्ला, जेल पाहिली. आता हाच हिशोब तालुक्याच्या कॉलेजला विचारायची वेळ आली आहे, असं आमचं म्हणणं आहे.

कोणी म्हणेल, कॉलेज तर संस्थेचं, खाजगी. आपण विचारणारे कोण? बोर्ड संस्थेचा आहे, खरं. पण अनुदानित कॉलेजातल्या मास्तरांचा आणि कारकुनांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. आदिवासी पोराची फी आणि निर्वाह भत्ता शिष्यवृत्तीतून, म्हणजे सरकारकडूनच येतो. काडेपेटी घेतली तरी कर आपणही भरतो. पैसा लोकांचा असेल, तर हिशोबही लोकांचा.

आता कायदा काय सांगत होता ते बघू. 2017 पर्यंत लागू असलेल्या महाराष्ट्र विद्यापीठ कायदा 1994 चं कलम 85 म्हणायचं की प्रत्येक संलग्न कॉलेजला एक स्थानिक व्यवस्थापन समिती पाहिजे. तिच्यात दहा जण होते. संस्थेचा अध्यक्ष एक, सचिव एक. मास्तरांनी निवडलेले तीन मास्तर. शिपाई-कारकुनांनी निवडलेला एक. प्रिन्सिपॉल सदस्य-सचिव. आणि उरलेले तीन 'स्थानिक सदस्य', वेगवेगळ्या क्षेत्रांतले. या तिघांना नेमायचं कोण? संस्थाच नेमायची.

बोटांवर मोजा. अध्यक्ष, सचिव आणि हे तिघे मिळून पाच. प्रिन्सिपॉलही संस्थेनेच नेमलेला, म्हणजे सहा. दहातले सहा एका बाजूचे. विद्यार्थी एकही नव्हता, पालक एकही नव्हता. विद्यार्थी परिषद होती, पण तिथे निवडणूक नव्हती, मार्कांवर नेमणूक व्हायची. आश्रमशाळेत गणिताला मास्तरच मिळाला नाही तो पोरगा मार्कांवर कुठून पुढे येणार होता?

ही समिती चहा-बिस्किटाची नव्हती. कॉलेजचं बजेट ती बनवायची. कोणती पदं भरावीत ते सुचवायची. कारभाराबाबत प्रिन्सिपॉलला सल्ला द्यायची, वार्षिक अहवाल तयार करायची. वर्षातून निदान दोनदा तिने बसायलाच हवं होतं. म्हणून कमिटीतल्या स्थानिक खुर्च्यांवर कोण बसतो याला किंमत आहे. तालुक्यात 'स्थानिक' म्हटलं की डोळ्यासमोर व्यापारी येतो, वकील येतो, लाकडाचा ठेकेदार येतो. ज्या तालुक्यात दहातले सात-आठ जण आदिवासी, तिथे स्थानिक माणूस म्हणजे कोण, हे विचारायला नको का?

आपला माणूस तिथे बसला तर काय विचारेल? पहिलं, शिष्यवृत्ती. फॉर्म कॉलेजातूनच पुढे जातो. कारकुनाच्या टेबलावर तो पडून राहिला, तर पोरगा वर्षभर उधारीवर जगतो, आणि बाप तेवढ्यासाठी ज्याच्या भट्टीवर जायचं त्याच्याकडून उचल घेतो. दुसरं, जातीचा दाखला. अनुसूचित जमातींची यादी निघाली 6 सप्टेंबर 1950 ला. त्याच्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. ज्याचा प्लॉट फॉरेस्टच्या नावावर, ज्याच्या आज्याचं नाव सातबाऱ्यावर चढूच दिलं नाही, तो कागद कुठून आणणार? म्हणून आम्ही सांगतो, जमिनीची लढाई आणि कॉलेजची लढाई वेगळी नाही. जमिनीचा कागद नाकारला की पोराचा दाखलाही अडतो.

तिसरं, नोकरीची पदं. राज्यात आदिवासींना 7 टक्के राखीव जागा आहेत. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात त्यातल्या किती भरल्या? भरल्या असतील तर खऱ्या आदिवासीने, की खोट्या दाखल्यावाल्याने? सुप्रीम कोर्टाने 1994 साली माधुरी पाटील खटल्यात दाखले तपासायची पद्धत घालून दिली. ती खोटे पकडायला आहे, खऱ्यांना हेलपाटे घालायला लावायला नाही.

चौथं, वेळ. दिवाळीनंतर घरं रिकामी होतात, लोक वीटभट्टीवर, रेतीवर जातात. मोठी पोरंही जातात. तेव्हा लागलेली नोटीस कोण वाचणार? मग म्हणतात, हजेरी नाही, फॉर्म भरला नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली. कॉलेज कुरणात न्या असं आम्ही म्हणत नाही. नोटीस तरी पाड्यावर आणा.

"अंगठेबहाद्दर माणूस कॉलेजच्या कमिटीत काय करणार?" असं म्हणणारे निघतील. स्थानिक सदस्य पदवीवालाच हवा, असं त्या कलमात लिहिलेलं नव्हतं. 'वेगवेगळी क्षेत्रं' म्हटलं होतं. शेती हे क्षेत्र नाही? जंगल हे क्षेत्र नाही? ज्या बाईने गावाचं मस्टर तपासलं तिला कॉलेजचं बजेट वाचून दाखवा, कुठे पाणी मुरतं ते ती बरोबर सांगेल.

शिवाय 1996 च्या डिसेंबरात दिल्लीने अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा केला. सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि त्यांच्या नोकरांवर नियंत्रणाचा अधिकार योग्य स्तरावरच्या पंचायतींना आणि ग्रामसभेला द्यावा, असं त्यात लिहिलं आहे. शिक्षण सामाजिक क्षेत्रात येत नसेल तर दुसरं काय येतं?

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1) स्थानिक जागांपैकी दोन पाड्यांवरच्या पालकांना द्या. त्यात एक बाई हवीच. नावं ग्रामसभा सुचवेल, संस्थेने ती नेमावीत.

2) कॉलेजचं बजेट आणि वार्षिक अहवाल मराठीत ग्रामपंचायतीत लावा.

3) शिष्यवृत्तीचा फॉर्म कोणाचा, कधी पुढे गेला, पैसे कधी आले, याची यादी दर महिन्याला फळ्यावर लावा.

4) राखीव पदं किती, भरलेली किती, दाखले तपासलेले किती, ते जाहीर करा.

5) परीक्षेच्या फॉर्मची आणि फीची नोटीस लोक कामावर जायच्या आधी पंचायतीत आणि आश्रमशाळेत पोचवा.

प्रत्येक गावाने या मागण्यांचा ठराव ग्रामसभेत करावा. एक प्रत प्रिन्सिपॉलला, एक संस्थेला, एक उच्च शिक्षण सहसंचालकांना, एक कुलगुरूंना द्यावी. हाती दिली तर शिक्क्याची पोच घ्या, पोच नाही तर अर्ज नाही. शिकणाऱ्या पोरापोरींना बरोबर न्या, पण पुढे तुम्ही उभे राहा. पोरांना परीक्षेची भीती घालता येते, तुम्हाला नाही.

जमीन आपण कसत होतो तरी कागदावर नव्हतो. कॉलेजही आपल्या पैशावर चालतं आणि कमिटीत आपण नाही. दोन्हीकडे नाव चढवून घ्यायचं आहे.

जिंदाबाद!