नवी गाडी आली, पण नवे काय झाले?

वाचकहो, महापालिकेच्या अंदाजपत्रकात 'अभिनव उपक्रम' हे शब्द आले की आम्हा कारकुनी पेशातल्या माणसांची नजर आधी खर्चाच्या रकान्याकडे जाते. बहुतेक वेळा तेथे गाडी, यंत्र नाहीतर संगणक असतो. खरेदी झाली, फीत कापली, फोटो छापून आला की उपक्रम पार पडला! यंत्रे नकोत असे आम्ही म्हणत नाही. पण गाडी नवी आणि तिच्यामागे राबणाऱ्याचे हाल जुनेच, तर बदलले काय?

पुण्याचे उदाहरण घेऊ. तेथे कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, त्याही दलित समाजातल्या. पोलिसांनी हटकावे, लोकांनी चोर म्हणावे. १९९३ साली त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. १९९५-९६ मध्ये महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००२-०३ पासून पालिका त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. हिशेब सरळ होता. या भगिनी जेवढा माल वेचतात, तेवढा कचरा वाहून नेण्याचा पालिकेचा खर्च वाचतो. पुढे २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. उकिरड्यावर वाकणारी बाई दारात उभी राहून महिन्याची फी हक्काने मागू लागली.

या सगळ्याची सुरुवात एका ओळखपत्राने झाली. कष्टकऱ्यांनी वाट काढली आणि पालिकेने ती दप्तरी नोंदवली. आमच्या मते स्थानिक स्वराज्य संस्थेचे खरे नावीन्य हेच.

पण दोन गोष्टी विसरू नयेत. करार मुदतीचा असतो. मुदत संपत आली की नूतनीकरणासाठी खेटे सुरू होतात, आणि तोवर पोट टांगणीला लागते. दुसरे असे की, कचरा पिढ्यान्‌पिढ्या त्याच समाजाच्या वाट्याला का, हा प्रश्न ओळखपत्राने सुटत नाही. त्या भगिनींच्या मुलांना शिकून दुसऱ्या कामाची वाट मिळेल, तेव्हाच तो सुटू लागेल.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या वॉर्डात 'अभिनव' असा फलक लागला की नगरसेवकाला तीन प्रश्न जरूर विचारा. राबणाऱ्यांना आधी विचारले होते का? त्यांचे नाव कागदावर आले का? साहेब बदलले तरी हे टिकेल का? उत्तर तोंडी नको, लेखी मागा.