काटा त्यांचा, माप त्यांचे



खंडाळ्याच्या घाटातून काय काय गेले, याचा एकदा हिशेब मांडला पाहिजे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. हजारो मजुरांचे जीव गेले, तेव्हा तो मार्ग झाला आणि दख्खनचा कापूस मुंबई बंदराला लागला. १९१५ साली मावळातल्या धरणांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून वीज तयार झाली. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, जमीन मावळातल्या शेतकऱ्याची बुडाली. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचे पाणी बंद नळातून शहराला नेण्याच्या विरोधात मावळचा शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरला, तर गोळीबारात ३ जण ठार झाले. आता त्याच घाटातून मुंबई-पुण्याला जोडणाऱ्या काचेच्या तारा गेल्या आहेत, इंटरनेटच्या. नळ कोणाच्या शेतातून जातो आणि तोटी कोणाच्या घरात उघडते, हा प्रश्न दीडशे वर्षे तोच आहे.

खंडाळ्याच्या बंगल्यात शनिवार-रविवार घालवणाऱ्याशी आमचे भांडण नाही. त्याने चित्रपट पाहावा, खुशाल पाहावा. पण उत्तम प्रतीचा एक चित्रपट अडखळल्याशिवाय दिसायला ५ मेगाबिटचा वेग पुरतो. चार खोल्यांत चार चित्रपट लावले तरी २० मेगाबिटच्या वर गरज जात नाही. त्याला विकला जातो १०० आणि २०० चा वेग. आणि कोरडवाहू गावात सरकार किती वेगाला 'ब्रॉडबँड' म्हणते? २ मेगाबिट!

हा आकडा आमच्या मनचा नाही. २००४ च्या धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ते ५१२ किलोबिट झाले. २०१८ च्या दूरसंचार धोरणात सरकारने लिहून दिले की २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिटचा वेग मिळेल. २०२२ संपले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच सरकारने राजपत्रात व्याख्या छापली : किमान २ मेगाबिट. कबूल केले पन्नास, पदरात टाकले दोन. शेतीमालाच्या भावात ही कला आम्ही फार पूर्वी पाहिली आहे.

त्यातली खरी मेख आणखी पुढे आहे. हे २ मेगाबिट फक्त खाली येणाऱ्या वेगाचे आहेत. तुमच्या घरातून वर जाणारा वेग किती असावा, यावर व्याख्येत एक शब्द नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये आपली व्याख्या बदलली, तेव्हा खाली १०० आणि वर २० असे दोन्ही आकडे लिहिले. आपल्याकडे दुसरा आकडाच गायब. का? कारण इंडियाला फक्त बघायचे असते, तर भारताला पाठवायचे असते. ई-पीक पाहणी २०२१ पासून आली : फोटो वर पाठवा. पीकविम्यात नुकसान झाले की हुकूम होता : ७२ तासांत कळवा. २०१७ च्या कर्जमाफीचा अर्ज ऑनलाइन होता. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, सातबारा चढवा. सरकारचा प्रत्येक हुकूम वर पाठवण्याचा आहे आणि सरकारचे माप मात्र खाली येणाऱ्याचे आहे.

आता साधा हिशेब करा. फोटोचे वजन बाइटमध्ये असते, वेग बिटमध्ये सांगतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. ४ मेगाबाइटचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. वर जाणारा वेग ५ असेल तर फोटो साडेसहा सेकंदांत जाईल. वेग अर्धा मेगाबिट असेल तर एका फोटोला ६४ सेकंद. पाच कागद चढवायला पाच मिनिटांहून जास्त. मध्ये जोडणी तुटली की पहिल्यापासून. मग सेतू केंद्राची वाट, रोज बुडाला, एसटीचे भाडे गेले. हा उत्पादन खर्चच आहे, पण तो कोणत्या कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात धरला जातो?

काही शहाणे विचारतील, शेतकऱ्याला एवढे नेट कशाला हवे, रील बघायला? त्यांना आमचे उत्तर सोपे आहे. नेट आम्ही मागितले नव्हते. कागदाचा अर्ज तुम्ही बंद केला. दार एकच ठेवायचे, ते अरुंद ठेवायचे, आणि आत न आलेल्याला 'मुदतीत अर्ज केला नाही' म्हणायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत. आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात कधीच नव्हतो. ते अर्धवट देऊन पूर्ण वसुली करण्याच्या विरोधात आहोत.

वसुलीही होतेच. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम खेड्यांत सेवा पोचावी म्हणून वेगळी काढतात. ती आपल्याच रिचार्जमधून जाते. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना काचेच्या तारेने जोडण्याची योजना मंजूर झाली. ती पुढे भारतनेट झाली. पंचायतीपर्यंत १०० मेगाबिट हे तिचे उद्दिष्ट. २०२३ मध्ये तिच्यासाठी पुन्हा १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. तुमच्या पंचायतीत पेटी आली असेल, तर तिचा दिवा लागतो का, हे बैठकीत हात वर करून सांगा.

खरेदी केंद्रावर ओलाव्याचे यंत्र सीसीआयचे असते. ८ टक्क्यांच्या वर कपात, १२ च्या वर गाडी परत. आपल्या हाती यंत्र नसते म्हणून आपण गप्प बसतो. नेटचे यंत्र मात्र आपल्या हाती आहे. ट्रायचे 'मायस्पीड' ॲप फुकट आहे. मापताना एवढे पाहा : एकदा पहाटे, एकदा रात्री ८ ते १० च्या गर्दीत, असे सात दिवस मापा. वायफायच्या पेटीजवळ बसून मापा, नाहीतर भिंतीचा दोष तारेवर जाईल. त्या वेळी घरात दुसरे कोणी काही पाहत नसावे. खालचा, वरचा आणि उत्तर यायला लागणारा वेळ असे तिन्ही आकडे वहीत लिहा. जाहिरातीतले '१०० पर्यंत' वाचून भुलू नका. अडत्याचा 'आठ हजारांपर्यंत' भाव कोणाला मिळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. रात्रीचा सर्वांत कमी आकडा हाच खरा आकडा. पोरीचा व्हिडिओ वर्ग न तुटता चालतो आणि अर्ज एका बैठकीत जातो, तर वेग पुरेसा. नाही, तर कंपनीने कितीही म्हटले तरी अपुरा.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवत आहोत. व्याख्येत वर जाणारा वेग लिहा. मापलेल्या वेगाप्रमाणे बिल घ्या. प्रत्येक पंचायतीच्या फलकावर भारतनेटचा मोजलेला वेग महिन्याला लावा. आणि जिथे जोडणी नाही किंवा संकेतस्थळ बंद आहे, तिथे कागदी अर्ज स्वीकारा, मुदत मोजू नका.

येताना वही घेऊन या. पाच गावांच्या वह्या एका टेबलावर उघडल्या, की साहेबाला 'सर्व्हर डाऊन आहे' एवढे म्हणून सुटता येणार नाही.