क्रूझवाले आणि बोटीवाले

'बोटीवर गेला' या दोन शब्दांचा अर्थ गाव बदलला की बदलतो. बडोद्याच्या मराठी घरात हे वाक्य ऐकले तर समजावे, स्वारी सुट्टीवर गेली. आमच्या सासष्टीत किंवा बार्देशात ऐकले तर समजावे, माणूस कामावर गेला. आता सहा ते नऊ महिने त्याचे तोंड दिसायचे नाही, आणि घरातली नाताळ-चवथ त्याच्या पैशांवर होणार, पण त्याच्याशिवाय! समुद्र तोच, बोटही कदाचित तीच. एक जण वरच्या डेकवर, दुसरा पाण्याच्या पातळीखालच्या खोलीत.

हे आठवायचे कारण बडोदेच. मध्यंतरी कामानिमित्त तिथे चार दिवस होतो. दांडिया बाजारातल्या एका मराठी मंडळात संध्याकाळी कार्यक्रम होता: एका निवृत्त दांपत्याचे 'क्रूझचे अनुभव'. भूमध्य समुद्र, सात रात्री. माणसे अगदी सज्जन, बोलणेही गोड. पडद्यावर दीडशे तरी फोटो. त्यांतले निम्मे जेवणाचे! सकाळचा बुफे, दुपारचा बुफे, रात्री बारा वाजताचा पिझ्झा, बर्फात कोरलेला हंस. काकू म्हणाल्या, "अहो, शाकाहारी लोकांसाठी वेगळा शेफ होता!" टाळ्या. मग पोहण्याचा तलाव, कॅसिनो, नाट्यगृह. मग पलंगावर ठेवलेला टॉवेलचा हत्ती. रोज नवा प्राणी, म्हणे. माकड, ससा, बदक...

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, म्हणून मी विचारले, "हत्ती करणारा मुलगा कुठला होता?"

काका थोडे थबकले. "इंडियनच होता. गोव्याचा म्हणाला वाटतं. फर्नांडिस की डिसोझा, असंच काहीतरी. तुमच्याकडचाच की हो!"

सात दिवस तो मुलगा दिवसातून दोनदा त्यांच्या खोलीत येत होता. दीडशे फोटोंत तो एकदाही नाही. हत्ती आहे.

वाचकहो, माझा राग त्या दांपत्यावर नाही. चाळीस वर्षे नोकरी केली, मुलांची शिक्षणे केली, आता सात दिवस कोणी आयते ताट पुढे ठेवत असेल तर खुशाल खावे. आराम हा काही गुन्हा नाही. माझे भांडण आहे ते या सात दिवसांना 'जग पाहिले' असे म्हणण्याशी, आणि मंडळाने त्याला प्रवासवर्णन म्हणून व्यासपीठ देण्याशी. बंदरात सकाळी उतरायचे, बसमधून चार इमारती बघायच्या, संध्याकाळी जेवायला परत बोटीवर. यात जग कुठे आले? जग पाहायचेच असेल तर ते त्या बोटीच्या पोटात होते. दहा-वीस देशांची माणसे तिथे एकत्र कपडे धुतात, भांडी घासतात, इंजिन चालवतात. तिकडे कॅमेरा वळला नाही.

आणि हे बडोद्यात घडावे याचे जास्त वाईट वाटते. कारण मराठी माणसाने बोटीतून जाऊन काय आणावे, याचा वस्तुपाठ याच शहरात आहे. सयाजीराव महाराज आणि चिमणाबाई महाराणी 1887 साली पहिल्यांदा युरोपला गेले. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असे मानणाऱ्यांचा तो काळ. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतलेली आनंदीबाई जोशी पुण्यात वारली होती. महाराणी तेव्हा पडद्यात होत्या. पण त्या प्रवासांतून काय निघाले ते पाहा. 1906 साली महाराज अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक वाचनालये पाहिली, आणि 1910 मध्ये विल्यम बोर्डेन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. सेंट्रल लायब्ररी उभी राहिली, खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या. चिमणाबाईंनी 1911 साली एस. एम. मित्र यांच्यासह इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले, भारतीय स्त्रीच्या स्थानावर. परदेशांतल्या बायका कोणकोणती कामे करतात आणि त्यांतले आपल्याकडे काय आणता येईल, हा त्याचा विषय. म्हणजे एक महाराणी परदेशात जाऊन काय बघून आली? तर काम करणारी माणसे!

कोणी म्हणेल, राजाची आणि पेन्शनरची तुलना कशाला? राजा तर रयतेच्या पैशाने गेला, लवाजमा घेऊन गेला. खरे आहे. त्याच्या लांबलांब परदेशवाऱ्यांवर टीकाही झाली, आणि लॉर्ड कर्झनने तर 1900 साली परिपत्रक काढून संस्थानिकांच्या परदेश प्रवासावर सरकारी परवानगीचा लगाम घातला. पण मी खर्चाची तुलना करत नाही, नजरेची करतो आहे. डोळे उघडे ठेवायला राज्य लागत नाही. वाचनालय नाही उभारता आले तरी खोली झाडणाऱ्या मुलाचे नाव विचारता येते.

आता जरा आकडे पाहू. जानेवारी 2024 मध्ये 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज पहिल्या सफरीला निघाले. लांबी 365 मीटर, आकारमानाच्या मापाने 'टायटॅनिक'च्या पाचपट. जास्तीत जास्त 7,600 प्रवासी आणि सुमारे 2,350 कर्मचारी. मालक कंपनीचे मुख्यालय अमेरिकेत, झेंडा बहामाचा. झेंडा कुठला यावर जहाजावर कायदा कुठला चालणार, हे मुख्यतः ठरते. म्हणून या धंद्यात बहामा, पनामा, माल्टा असल्या झेंड्यांची एवढी चलती. खलाशांच्या हक्कांचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. त्यातली कामाच्या तासांची एक मर्यादा काय? आठवड्याला 72 तास! आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यात 48 तास होते. म्हणजे प्रवाशाचे ते सात सोनेरी दिवस आणि कामगाराचे ते 72 तास हा एकच आठवडा आहे. फरक एवढाच की प्रवाशाचा आठवडा शेवटच्या बंदरात संपतो आणि त्याचा त्याच संध्याकाळी नव्या प्रवाशांबरोबर पुन्हा सुरू होतो.

2020 चा एप्रिल आठवतो ना? प्रवासी उतरून आपापल्या घरी गेले, आणि बोटीवाले समुद्रातच अडकले. विमाने बंद, बंदरे बंद. इकडे गोव्यात त्यांच्या घरची माणसे सरकारला विनवत होती. अखेर 23 एप्रिलला 'मरेला डिस्कव्हरी' या क्रूझ जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईत उतरू लागले, त्यांत आपले गोंयकार होते. क्रूझच्या फोटोंच्या कार्यक्रमात ही गोष्ट कधी कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

पण बडोदेकरांनाच किती बोलायचे? त्यांच्या गल्लीत तारवटी राहत नाही. आपल्या राहतो. त्याच्या पैशांतून उठलेली घरे आपण रोज बघतो. कोंकणी तियात्राने त्याला रंगमंचावर आणले, कांतारांत त्याची बायको वाट पाहत राहिली. आणि आपण गोव्यातले मराठी लिहिणारे? आपल्या दिवाळी अंकांत देवळे आली, जत्रा आल्या, खाणी आल्या, पोर्तुगीज आले. तारवटी क्वचितच आला. का? तो बहुतेक ख्रिश्चन, त्याची भाषा कोंकणी, त्याचे देऊळ वेगळे, म्हणून? हे कोणी उघड बोलणार नाही, पण कारण दुसरे दिसत नाही. मग बडोद्याच्या काकांच्या 'असंच काहीतरी'त आणि आपल्या मौनात फरक काय? त्यांनी सात दिवस त्याच्याकडे पाहिले नाही, आपण साठ वर्षे!

म्हणून एक सूचना करतो. गोव्यातल्या प्रत्येक मराठी वाचनालयाने, मंडळाने यंदाच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ निवृत्त तारवट्याला द्यावी. कोंकणीतून बोलू दे, आपल्याला कळते. तीस वर्षांत किती बंदरे पाहिली, किती बाळंतपणे हुकली, आईबाप गेले तेव्हा कुठल्या समुद्रात होता, हे सांगू दे. त्याचे बोलणे लिहून घ्यावे, छापावे. खर्च फार नाही. एक शाल, एक नारळ आणि येण्याजाण्याचे पेट्रोल.