आईबाबांना क्रूझवर पाठवताना

कुरखेड्यात बसून समुद्राबद्दल लिहायचं म्हणजे जरा गंमतच आहे. नकाशा काढून बघितला तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर आम्हाला जवळ. आमच्या सतीचं पाणीसुद्धा वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं फिरत फिरत तिकडेच जातं. तरीही गेल्या चार-पाच वर्षांत आमच्या नात्यात आणि ओळखीत क्रूझ हा शब्द भलताच बोकाळलाय. पुण्यात, बंगलोरला, अमेरिकेत नोकरी करणारी पोरं आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला किंवा बाबांच्या रिटायरमेंटला क्रूझचं बुकिंग करून देतात. चांगलीच गोष्ट आहे. जन्मभर वडसा-नागपूर एवढाच प्रवास केलेल्या माणसाने एकदा चारी बाजूंनी पाणी बघावं, यात वाईट काय?

पण मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो. पोरं पैसे खर्च करतात ते खोलीवर, आणि आईबाबांना गरज असते ती खोलीच्या बाहेरच्या गोष्टींची. म्हणजे एक जास्तीचा दिवस, बरोबर लिहिलेलं नाव, विमा, आणि काय फुकट नि काय विकत याचा स्पष्ट हिशोब. बाल्कनी नसली तरी चालेल, हे नसलं तर सगळी मजा किरकिरी होते.

आधी 'प्रीमियम' या शब्दाचं बघू. या धंद्यात साधारण, प्रीमियम आणि लक्झरी अशा तीन पायऱ्या मानतात. सेलिब्रिटी, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका या कंपन्या मधल्या पायरीवर धरल्या जातात. आपल्याकडे मात्र जाहिरातीत सगळंच प्रीमियम. मुंबईहून ऑक्टोबर २०१८मध्ये 'आंग्रिया' गोव्याला निघाली ती एका रात्रीची बोट होती, ती सेवा पुढे टिकली नाही. सप्टेंबर २०२१मध्ये कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस'च्या फेऱ्या सुरू झाल्या आणि आपल्या मध्यमवर्गाला क्रूझ खऱ्या अर्थाने माहीत झाली. हे अकरा मजली जहाज १९९०मध्ये रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेलं, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. त्या काळच्या जहाजांत बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच असायच्या. तेव्हा वेबसाइटवरचा फोटो बघून भुलू नका. जहाज कुठल्या सालचं, खोली कुठल्या मजल्यावर आणि किती मोठी, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.

दुसरी गोष्ट भाड्याची. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, आणि तोही खोलीत दोघं राहणार असं धरून. त्यावर बंदराचे आकार, सर्व्हिस चार्ज किंवा टिप, जीएसटी. परदेशी प्रीमियम जहाजांवर टिपेचेच माणशी रोजचे सोळा ते वीस डॉलर खात्याला लागतात. दोघांचा सात रात्रींचा हिशोब करा, म्हणजे कळेल. परदेशातल्या सहलीचं पॅकेज इथून घेतलं तर टीसीएसही कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण बुकिंगच्या वेळी पैसे खिशातून जातातच. दर बजेटमध्ये बदलत राहतो, म्हणून त्या दिवशीचा विचारून घ्यावा. एजंटला एकच वाक्य म्हणायचं, "सगळं धरून दोघांचे किती, ते लिहून पाठवा." जो लिहून देत नाही त्याच्याकडे बुकिंग करू नये.

आमच्या नात्यातलं एक जोडपं असंच मुलाने पाठवलं होतं. तिकीट महागातलं, खोलीही छान. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, खोलीचं कार्डच सगळीकडे घासायचं. हे कार्ड मुलाच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं. झालं! तीन दिवस दोघांनी जेवणाच्या हॉलशिवाय कुठेही चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. काउंटरवरचा चहा फुकट की विकत, हे माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. पोराच्या खात्यातून पैसे जातील ही भीती वेगळीच. घरी आल्यावर मुलाला मात्र सांगितलं, "लई मजा आली बाबू." मुलाला अजूनही खरं माहीत नाही. कंपनीने फसवलं नाही, मुलाने कंजुषी केली नाही. फक्त एका कागदावर चार ओळी कुणी लिहून दिल्या नाहीत.

त्या चार ओळी अशा. मोठ्या हॉलमधलं तिन्ही वेळचं जेवण भाड्यात. दारू, बाटलीबंद पेयं, स्पेशल रेस्टॉरंट, वायफाय, मसाज आणि किनाऱ्यावरच्या सहली बहुधा वेगळ्या. कार्डावर आधीच ठराविक रक्कम टाकून ठेवली आहे, ती सगळी खर्च करायची आहे. आणि काही अडलं तर रिसेप्शनला जाऊन हिंदीत विचारायचं, भारतातल्या फेरीत हिंदी बोलणारं कुणी ना कुणी भेटतंच. एवढं मराठीत, ठळक अक्षरात, कागदावर. ॲपवर नाही. जेवणाचंही आधी कळवा. शाकाहारी, जैन, साखरेचं पथ्य, सगळं बुकिंगच्या वेळी नोंदवता येतं. घरचा चिवडा-लाडू न्यायला बऱ्याच जहाजांवर बंदी असते, तेव्हा डबा भरायच्या आधी आईला सांगा. नाहीतर तपासणीच्या टेबलावर डबा काढून घेतात आणि तिचं तोंड उतरतं.

आता आमच्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न. क्रूझ मुंबईच्या धक्क्यावरून सुरू होते असं कंपनी समजते, आमची ती कुरखेड्याच्या एसटी स्टँडवरून सुरू होते. सुमारे हजार किलोमीटर आधी! वडशाहून गोंदिया आणि तिथून विदर्भ एक्स्प्रेस, किंवा नागपूरहून दुरांतो, किंवा ५ जून २०२५ला पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग. काहीही घ्या, पण जहाजाच्या दिवशी सकाळी मुंबईत पोचायचा बेत करू नका. जहाज सुटायच्या तासा-दोन तास आधीच काउंटर बंद होतं. ओळखीचा कंडक्टर थांबतो तसं जहाज थांबत नाही. गाडी सहा तास लेट झाली तर पैसे बुडाले, कारण भाड्याच्या अटींत न पोचणाऱ्याला परतावा नसतो. पावसाळ्यात तर रपट्यावरून पाणी गेलं की आमचा रस्ताच बंद. आदल्या दिवशी पोचा, फोर्ट भागात एक रात्र साधी खोली घ्या, पाय मोकळे करा. विमानाने जाणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळ कुठला ते बघावं, डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईलाही विमानं उतरतात. माझ्या मते खरं प्रीमियम म्हणजे हा हाताशी ठेवलेला एक दिवस.

कागदपत्रांत आमच्याकडची ठरलेली अडचण म्हणजे नाव. आधारवर 'बाई' लागलेलं, पॅन कार्डावर नाही, पासपोर्टवर माहेरचं. तिकिटावर नाव नेमकं तेच हवं जे दाखवायच्या ओळखपत्रावर आहे. देशातल्या फेरीला फोटोचं ओळखपत्र चालतं. परदेशी फेरीला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी वैध हवा. आणखी एक खाच. ज्या देशातून जहाजात बसता, तिथून दुसऱ्या देशात जाऊन परत तिथेच उतरायचं असेल, तर एकदाच आत जाता येणारा व्हिसा पुरत नाही.

खोली निवडताना आईबाबांसाठी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची बघा. जहाज तिथे कमी डोलतं आणि भाडंही बहुधा कमी. लिफ्ट जवळ हवी, डोक्यावर डिस्को नको. गुडघे दुखत असतील तर लक्षद्वीपच्या फेरीचा दोनदा विचार करा. मोठं जहाज बेटाला लागत नाही, समुद्रातच उभं राहतं आणि लहान बोटीत उतरून जावं लागतं. हवा बिघडली तर तो कार्यक्रम रद्दही होतो. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या, आणि त्या हातातल्या पिशवीत, कारण मोठं सामान खोलीत उशिरा येतं. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल वेगळं आणि भारी. म्हणून प्रवास विमा घ्याच आणि जुने आजार त्यात लपवू नका. मोबाईल जहाज सुटताच फ्लाइट मोडवर टाकायला शिकवा, जहाजावरचं रोमिंग फार महागात पडतं.

सुरक्षेची कवायत मात्र कुणी टाळू नये. १७ जुलै १९४७ला 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातले लोक अजून ते विसरलेले नाहीत. १३ जानेवारी २०१२ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली, ३२ जण गेले. त्या दिवशी चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. पुढे नियम बदलला आणि २०१५पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. लाइफ जॅकेट कुठे आहे आणि आपण कुठे जमायचं, एवढं दोघांनाही पाठ हवं.

काही जण म्हणतील, एवढा व्याप करण्यापेक्षा तिरुपतीला पाठवावं. मला हे पटत नाही. आमची पिढी जिथे जाते तिथे बोलत बोलत वाट काढते. तिरुपतीला, पंढरपूरला विचारायची लाज वाटत नाही, कारण तिथे सगळेच आपल्यासारखे. गुळगुळीत फरशीवर आणि इंग्रजी घोषणांच्या गर्दीत तोच माणूस गप्प होतो. त्याला तिथे न्यायचं नाही, हा काही उपाय नव्हे. त्याच्या हातात माहिती द्यावी, म्हणजे तो तिथेही हक्काने वावरेल.

तेव्हा पोरांनो, सूट बुक करायचा बेत असेल तर एक पायरी खाली या. वाचलेल्या पैशात मुंबईची एक रात्र, विमा आणि कार्डावरचे चहापाण्याचे पैसे बसतात. आणि निघायच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ फोनवर आईबाबांसोबत बसून सगळं समजावून सांगा. दोनदा सांगावं लागलं तर दोनदा सांगा. पाढे त्यांनी तुम्हाला दोनदाच शिकवले होते का?