बोगद्याची टक्केवारी, माणसांची थकबाकी

जलविद्युत प्रकल्पाचे काम कुठवर आले, असे विचारले की सरकारी कागद टक्क्यांत उत्तर देतो. अधिजल बोगदा इतके टक्के, सर्ज विहीर इतके टक्के, भुयारी वीजगृहातील काँक्रीट इतके टक्के. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशभरातल्या अशा प्रकल्पांचा नियमित आढावा घेते आणि त्यातले आकडे अभियंत्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात, यात शंका नाही. पण ज्या गावाची जमीन या कामासाठी गेली त्या गावाला या रकान्यांतून काहीच कळत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि पायथ्याशी उदंचन, म्हणजे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणाऱ्या, जलविद्युत प्रकल्पांची रांग लागत असताना महाराष्ट्राने ठामपणे एक मागणी केली पाहिजे. प्रगती अहवालाचा पहिला रकाना पुनर्वसनाचा असावा, आणि तो पूर्ण भरल्याशिवाय जलाशयात पाणी साठवू देऊ नये.

ही मागणी का करावी लागते, ते समजायला चंडीगडच्या सेक्टर 32 पासून सुरुवात करता येईल. शहराच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 31 ते 47 या सेक्टरांत वसलेला हा भाग. 1991 साली स्थापन झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय इथे आहे. घरांच्या आणि कार्यालयांच्या छतांवरची सौरऊर्जा वगळली तर चंडीगड स्वतःची वीज जवळजवळ बनवतच नाही. ती येते बाहेरून, आणि तिच्यातला मोलाचा हिस्सा हिमालयातल्या नद्यांचा असतो. सतलज आणि बियासवरची वीजगृहे चालवणाऱ्या भाखडा बियास व्यवस्थापन मंडळाचे मुख्यालयही याच शहरात, सेक्टर 19 मध्ये आहे. सेक्टर 32 मधल्या शस्त्रक्रियागृहातला दिवा लागतो तेव्हा त्यामागे भाखडा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात साठलेले पाणी असते, आणि त्या पाण्याखाली जुने बिलासपूर असते.

22 ऑक्टोबर 1963 रोजी पंडित नेहरूंनी भाखडा धरण राष्ट्राला अर्पण केले. सुमारे 225 मीटर उंचीच्या त्या भिंतीने उत्तर भारताची शेती बदलली, कारखाने उभे केले, शहरे उजळली. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण बिलासपूरच्या विस्थापितांना हिस्सार, सिरसा, फतेहाबाद या मैदानी मुलखात पाठवले गेले. डोंगरातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीत वाढलेली माणसे एका रात्रीत सपाट, उष्ण, अनोळखी प्रदेशातली झाली. बियासवरच्या पोंग धरणाची कथा याहून कठोर आहे. 1974 साली बांधून झालेल्या त्या धरणाने कांगडा खोऱ्यातली सुपीक जमीन बुडवली आणि तिथल्या कुटुंबांना राजस्थानातल्या कालव्याच्या मुलखात जमिनी देऊ केल्या. त्या वाटपाचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाच्या आदेशाने उच्चस्तरीय समिती नेमावी लागली आणि पिढ्या उलटल्या तरी दावे संपले नाहीत. धरणाचे काम मात्र कागदावर केव्हाच शंभर टक्के झाले होते.

इथे एका गोष्टीची आठवण महाराष्ट्राने अभिमानाने आणि जबाबदारीनेही ठेवायला हवी. भारतातल्या नद्यांच्या खोऱ्यांचा एकत्रित विचार करणारी यंत्रणा उभी राहिली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, 1942 ते 1946 या काळात. 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि 1945 साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग त्यांच्याच खात्याने उभे केले. आयोगाचे पहिले अध्यक्ष ए. एन. खोसला पुढे भाखड्याच्या उभारणीशी जोडले गेले. वीज ही गरिबीतून बाहेर पडण्याचे साधन आहे, असे बाबासाहेब मानत. तोच विचार पुढे न्यायचा तर प्रकल्पाच्या खर्चाच्या पाटीवर सर्वांत दुबळ्या माणसाचे नाव सर्वांत वर यायला हवे.

अभियांत्रिकीचा मुद्दाही टाळता येणार नाही, कारण टक्केवारी तिथेही फसवते. हिमाचलमधल्या कुल्लू जिल्ह्यातला पार्वती-2 हा 800 मेगावॅटचा प्रकल्प पाहा. त्याची पायाभरणी 1999 च्या डिसेंबरात अटलबिहारी वाजपेयींनी केली. अधिजल बोगदा साडेएकतीस किलोमीटर लांबीचा. खोदकाम करणारे बोगदा यंत्र खडकातून अचानक फुटलेल्या पाण्यात आणि गाळात अडकले आणि काम वर्षानुवर्षे थांबले. कंत्राटदार बदलले, आराखडे बदलले. चारही संच पूर्णपणे सुरू व्हायला 2025 चा एप्रिल उजाडला. नियोजित मुदत 2009 ची होती. जलविद्युतचा नियम निष्ठुर आहे: बोगदा नव्वद टक्के झाला म्हणून नव्वद टक्के वीज मिळत नाही. शेवटचा खडक फुटेपर्यंत मिळणारी वीज जवळजवळ शून्यच असते, आणि व्याज रोज चढत राहते. उत्तराखंडमधल्या तपोवन विष्णुगाड प्रकल्पाचे काम सुरू असताना 7 फेब्रुवारी 2021 रोजी ऋषिगंगेतून आलेल्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. बोगद्यात अडकलेले मजूर बाहेर काढण्यासाठी दिवसेंदिवस चाललेली धडपड सारा देश पाहत होता. 2023 च्या ऑक्टोबरात सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटून तीस्ता-3 चे धरण वाहून गेले. भूगर्भ आणि हवामान यांचा हिशेब मांडणे हे प्रकल्पाचेच काम आहे. त्याला विलंब म्हणून हिणवणारा अधिकारी पुढच्या अपघाताची तयारी करत असतो.

आता आपल्या घराकडे येऊ. कोयना ही महाराष्ट्राची भाग्यरेषा, असे आपण शाळेपासून ऐकतो, आणि ते खरे आहे. पूर्वेला वाहणाऱ्या नदीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून, पोफळीच्या भुयारी वीजगृहात उंचावरून सोडून वीज करण्याची कल्पना धाडसाची होती. पहिला संच 1962 च्या मे महिन्यात फिरला. टप्प्याटप्प्याने पोफळी, अलोरे आणि चौथ्या टप्प्याचे एक हजार मेगावॅटचे वीजगृह उभे राहिले आणि सारे मिळून क्षमता 1960 मेगावॅटच्या जवळ गेली. 13 मार्च 1999 रोजी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी शेवटचा खडक स्फोटाने उडवून, जलाशय न रिकामा करता पाणी बोगद्यात घेण्याचा ‘लेक टॅपिंग’चा प्रयोग आशियात पहिल्यांदा याच कोयनेत झाला. 25 एप्रिल 2012 रोजी तो पुन्हा यशस्वी झाला. मराठी अभियंत्यांनी आणि मजुरांनी गाजवलेली ही कामगिरी आहे आणि तिचे कौतुक कितीही केले तरी कमीच.

पण याच कोयनेने 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप पाहिला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, कोयनानगर कोसळले, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि ते मजबूत करण्यासाठी पुढे वर्षे लागली. जलाशयामुळे भूकंप होतात का, हा प्रश्न तेव्हापासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेच्या नावावर अभ्यासला. आणि याच कोयनेने पाटण, जावळी आणि महाबळेश्वर भागातली सुमारे शंभर गावे उठवली. त्या कामाला सुरुवात झाली तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. देशातला असा पहिला कायदा महाराष्ट्राने केला तो 1976 साली, म्हणजे पहिल्या संचानंतर चौदा वर्षांनी. जमिनीच्या बदल्यात जमीन, गावठाण, रस्ता, पाणी, शाळा यांची सोय कोयनेच्या माणसांना हक्क म्हणून मिळाली नाही, मेहेरबानी म्हणून मिळाली आणि तीही अर्धवट. ही कुटुंबे ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशी पसरली. जी डोंगरात राहिली त्यांच्या माथ्यावर 1985 साली कोयना अभयारण्य आणि 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. ज्यांना एकदा पाण्याने उठवले, त्यांच्यातल्या काहींना वाघाच्या नावाने पुन्हा उठण्याची नोटीस आली. श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगरात आणि इतरत्र ही माणसे आंदोलनाला बसली, तेव्हा त्यांच्या हातात होते ते धरणग्रस्तांच्या संकलन यादीतले नाव आणि जुन्या सातबाऱ्याची प्रत. दोन-तीन पिढ्यांनंतरही ‘आमचे पुनर्वसन पूर्ण करा’ असे म्हणायला लागणे हा राज्यावरचा डाग आहे.

त्याहून जुना धडा मुळशीचा. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन जाऊ लागली तेव्हा 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला. धरणाविरोधातील जगातल्या आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली, मुळशीच्या शेतकऱ्याला न्याय मिळाला नाही. शंभर वर्षांत राज्यकर्ते बदलले, कायदे बदलले, पण पैशाची व्यवस्था आधी आणि माणसांची नंतर, हा क्रम तसाच राहिला.

आज उदंचन प्रकल्पांच्या निमित्ताने तो क्रम बदलण्याची संधी आहे. या प्रकल्पांची गरज खरी आहे, हे आम्ही स्पष्टपणे मांडतो. सूर्य दुपारी वीज देतो, घरातली मागणी संध्याकाळी वाढते. दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या तलावातले पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज काढायची, ही साधी पण मोलाची व्यवस्था आहे. शंभर युनिट चढवायला खर्चली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, तरीही संध्याकाळच्या तुटवड्यात तो व्यवहार परवडतो. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 2008 पासून 250 मेगावॅटचा असा प्रकल्प आपल्याकडे चालूच आहे, आणि रोलर काँक्रीटची धरणे बांधण्याचा देशातला पहिला अनुभवही त्यानेच दिला. आता त्याच्या कितीतरी पट क्षमतेचे करार झाले आहेत. 2023 मध्ये राज्याने राष्ट्रीय जलविद्युत महामंडळाशी सावित्री, काळू, केंगडी आणि जालोंद या चार ठिकाणांसाठी 7350 मेगावॅटचा करार केला. त्याच वर्षी टाटा पॉवरशी भिवपुरी आणि शिरवता इथल्या मिळून 2800 मेगावॅटचा. कोयनेच्या शेजारच्या तारळी खोऱ्यातही खासगी प्रकल्प येऊ घातला आहे. अनेक ठिकाणी जुन्याच धरणांचा तलाव वापरला जाणार असल्याने बुडीत क्षेत्र मोठ्या धरणांपेक्षा कमी असेल, ही जमेची बाजू. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. वरचा तलाव पठारावर होतो, आणि त्या पठारावर कुणाची नाचणी, कुणाची गुरे, कुणाचे देवराईचे जंगल असते.

मंजुरीच्या बाबतीत केंद्राने वेग वाढवला. काही प्रकारच्या उदंचन प्रकल्पांच्या अहवालाला मंजुरी देण्याची मुदत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 90 दिवसांवरून 50 दिवसांवर आणली. तपासणीचा वेळ कमी झाला म्हणून तपासणीची व्याप्ती कमी झाली तर सह्याद्री ते माफ करणार नाही. इथला काळा खडक कठीण आहे, पण थरांच्या मध्ये लाल मातीचे पट्टे आणि पोकळ खडक असतात. कोयनेत बोगदे खणलेल्या माणसांना हे नेमके माहीत आहे. शिवाय याच भागात डोंगर कोसळण्याच्या घटना दर पावसाळ्यात घडतात. जुना अनुभव राज्याकडे भरपूर आहे. तो वापरायची इच्छा हवी.

म्हणून राज्य सरकारला आमचे सांगणे असे. प्रत्येक उदंचन प्रकल्पाचा तिमाही अहवाल मराठीत काढा आणि तो मुंबईत ठेवू नका, संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्यात आधी लिहा: संकलन यादी अंतिम झाली का, किती खातेदारांना पर्यायी जमिनीचा ताबा मिळून सातबारा नावावर झाला, नव्या गावठाणात पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना कुठे पूर्ण झाले. त्यानंतर बोगदा आणि वीजगृह. भूगर्भ तपासणीचे अहवाल गुप्त ठेवू नका. कामाच्या ठिकाणी मृत्यू झाला असेल तर त्याची नोंद त्याच पानावर करा. आणि पुनर्वसनाचा रकाना पूर्ण होईपर्यंत जलाशयात पाणी भरण्याची परवानगी देऊ नका, असे करारातच लिहा. कंपन्यांना हे जाचक वाटेल. पण बुडण्याआधी घर मिळणे हे कुणाच्याही मेहेरबानीने मिळणारे दान नव्हे.

कोयनेच्या डाव्या तीरावर धरणाच्या पायथ्याशी राज्याचाच 80 मेगावॅटचा प्रकल्प कित्येक वर्षे रेंगाळला. नव्या कंपन्यांशी हजारो मेगावॅटचे करार करणाऱ्या सरकारला आपले अर्धवट काम पुरे करायला सवड मिळत नसेल, तर नव्या आश्वासनांवर विश्वास कसा ठेवायचा? आणि हाच प्रश्न कोयनेच्या धरणग्रस्तांचाही आहे. तारळीचे किंवा सावित्रीचे पहिले कंत्राट सुटण्याआधी कोयनेच्या संकलन यादीतली जुनी नावे तपासून, ज्यांना जमीन मिळायची राहिली आहे त्यांना ती देऊन टाका. पाटणच्या तहसील कचेरीत ही कागदपत्रे आहेत, अर्ज आहेत, अर्जदार आहेत. मुख्यमंत्र्यांनी त्या कामासाठी मुदत जाहीर करावी आणि ती पाळावी.